पाय पाहून अंथरूण

डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळाली तरच आमच्या वयाच्या माणसाला बसायला मिळायची थोडी आशा. मध्यंतरी एकदा तशी मिळाली. समोर एक तरुण मुलगा मांडीवर लॅपटॉप आणि हातात फोन घेऊन बसला होता. फोनच्या हॉटस्पॉटवर ऑफिसची मीटिंग चालू होती. दिवा गेलं तसा त्याने फोन या हातातून त्या हातात घेतला, मग शर्टाच्या टोकाने धरला.

"काका, हात लावून बघा," तो म्हणाला. फोन खरंच चटका बसावा इतका तापला होता. "घरी गॅलरीत बसून हीच मीटिंग केली तर कोमटसुद्धा होत नाही. तोच फोन, तोच लॅपटॉप."

मी शिक्षकी सवयीने लगेच उत्तर दिलं, "टॉवर लांब आहे रे."

"टॉवर लांब असला तर आवाज तुटेल. फोन का तापेल?"

प्रश्न चोख होता. मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंत मी त्याला समजावत राहिलो, पण मधे कळव्याची गर्दी चढली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते आता पुरं करतो. गंमत अशी, की उत्तराची किल्ली फोनमध्ये शोधायची गरजच नव्हती, ती आम्ही बसलो होतो त्या गाडीतच होती.

फोनला आवाज चढवावा लागतो

फोन फक्त ऐकत नाही, तो बोलतोही. आपण पाठवलेला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक फोटो तो रेडिओलहरींवर घालून टॉवरकडे फेकतो. कुठल्या जोराने फेकायचा हे मात्र तो स्वतः ठरवत नाही. टॉवर त्याला सतत हुकूम सोडत असतो, 'थोडं मोठ्याने', 'आता हळू'. ३जीच्या काळात हे हुकूम सेकंदाला १,५०० वेळा यायचे. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर असेल तर फोन कुजबुजतो आणि लांब असेल तर ओरडतो. ४जी फोनची कुजबूज आणि आरोळी यांत सुमारे २० लाख पटींचा फरक असू शकतो. माणसाच्या गळ्याला हे जमणार नाही.

मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की टॉवरपर्यंत पोचणारी शक्ती चौथाई होते. इमारतींच्या गर्दीत ती त्याहून कितीतरी झपाट्याने पडते, दुप्पट अंतराला दहावा हिस्सा उरला तरी नवल नाही. त्यात लोकलचा डबा म्हणजे पोलादी पेटी, लहरींना वाट खिडक्या-दारांतूनच. आणि खिडकी-दारात कोण असतं ते सांगायला नको. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असतात असा रेल्वेचाच हिशोब आहे. माणसाच्या शरीरात मुख्यतः पाणी, आणि पाणी या लहरी छान शोषतं. मुंब्र्याला एका बाजूने डोंगर येतो तो वेगळाच. एवढं सगळं पार करून ऐकू जायचं तर फोनला घसा ताणणं भाग आहे.

पण त्या मुलाच्या शंकेचं उत्तर अजून झालेलं नाही. ४जी फोनची सर्वांत मोठी आरोळी किती, तर अँटेनापाशी ०.२ वॉट. देवघरातला छोटा एलईडी दिवाही याहून जास्त वीज घेतो. ०.२ वॉटने हाताला चटका बसत नाही. म्हणजे तापतं आहे ते आरोळीने नाही, आरोळी काढण्याच्या खटाटोपाने.

जुन्या पंख्याचा रेग्युलेटर

फोनमधला जो भाग अँटेनाला शेवटचा जोर देतो त्याला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. नखाहून लहान चिप. 'अ‍ॅम्प्लिफायर' या शब्दाने एक गैरसमज होतो, की हा दुबळ्या संदेशाला धरून फुगवतो. प्रत्यक्षात तो काहीच फुगवत नाही. वीज बॅटरीचीच असते. दुबळा संदेश म्हणजे नळाच्या चावीवरचा हात, बॅटरी म्हणजे टाकी आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नळ. हात जसा हलेल तशी धार कमी-जास्त होते.

आता घरातला जुना पंखा आठवा. भिंतीवर काळा किंवा पांढरा जाडजूड रेग्युलेटर असायचा. पंखा पाचवर असला की रेग्युलेटर गार, आणि एक-दोनवर ठेवला की गरम. थंडीत पंखा एकवर ठेवून वीज वाचवतोय असं वडीलधारी मंडळी समजायची, आणि मांजर त्या रेग्युलेटरच्या आसपास का घुटमळतं याचा विचार कोणी करत नसे. भिंतीतून येणारा विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज ठरलेलं, २३० व्होल्ट. पंख्याला हळू फिरायला हवेत त्याहून कमी. मग उरलेलं व्होल्टेज खाणार कोण? रेग्युलेटरमधली तारेची गुंडाळी. खाल्लेल्या विजेची तिथे उष्णता व्हायची.

फोनच्या अ‍ॅम्प्लिफायरचं दुखणं नेमकं हेच आहे. समजा त्याला बॅटरीकडून ठरावीक साडेतीन व्होल्ट मिळताहेत. संदेशाची लहर उंच असेल तेव्हा त्यातले बरेचसे कामी येतात. लहर ठेंगणी असेल तेव्हा एखादाच व्होल्ट पुरतो, आणि उरलेले अडीच अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरला स्वतःच्या अंगावर झेलावे लागतात. अंगावरचं व्होल्टेज गुणिले आतून वाहणारा प्रवाह, तेवढी उष्णता.

थोडा हिशोब मांडू. अँटेनाला ०.२ वॉट हवेत. वाटेतल्या गाळण्या आणि स्विच यांत साधारण निम्मं गळतं, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला ०.४ वॉट काढून द्यावे लागतात. त्याची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर बॅटरीतून जातात १.६ वॉट. त्यातले ०.२ बाहेर पडले, १.४ फोनच्या पोटात राहिले. कार्यक्षमता ४० टक्क्यांवर नेली तर तीच आरोळी एका वॉटमध्ये निघते. फोनला पंखा नाही, झरोका नाही. स्क्रीन आणि प्रोसेसर यांची उष्णता आधीच आहे. तिच्यात हा अर्धा-पाऊण वॉट मिसळला की 'हात लावून बघा' म्हणायची पाळी येते.

आपल्या लोकलने हेच दुखणं नव्वद वर्षं काढलं

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली. वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह होता. पुढे याच व्यवस्थेवर ठाणे, कल्याण आणि घाटापलीकडचा पल्लाही आला. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ज्या ठाण्याला येऊन थांबली होती, तिथून आता विजेच्या लोकल कल्याणकडे धावू लागल्या.

तारेत १,५०० व्होल्ट कायम, आणि गाडी फलाटावर उभी. थांबलेल्या मोटारीला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर प्रवाह इतका उसळेल की मोटार जळेल. फिरती मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून प्रवाहाला आवर घालते, उभ्या मोटारीकडे तो आवर नसतो. म्हणून जुन्या लोकलमध्ये मोटारीच्या वाटेत लोखंडी रेझिस्टन्स घातलेले असत. सुरुवातीला जास्तीचं व्होल्टेज ते खात. गाडीने वेग घेतला की एकेक रेझिस्टन्स वाटेतून काढला जाई. आधी मोटारी एकामागे एक जोडलेल्या असत, म्हणजे व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जाई, मग त्या शेजारी-शेजारी जोडल्या जात. ज्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना सुटतानाचे ते ठरावीक हिसके आठवत असतील. प्रत्येक हिसका म्हणजे एक पायरी वर.

कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असं दर दोन-चार मिनिटांनी थांबणारी धीमी लोकल दर वेळी सुटताना ही वीज लोखंडात जाळायची, आणि थांबताना कमावलेला सगळा वेग ब्रेकच्या घर्षणात जाळायची. पंख्याच्या रेग्युलेटरचीच ही बारा डब्यांची आवृत्ती.

मध्य रेल्वेवर सीएसटी ते कल्याण तारेतला प्रवाह बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती करण्याचं काम जून २०१५ मध्ये पुरं झालं. हार्बर मार्गावरचा जुना प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला आणि १,५०० व्होल्टची मुंबईतली गोष्ट तिथे संपली. आजच्या गाडीत वरचं व्होल्टेज आधी खाली आणतात, एकदिश करतात, आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विच त्याचे तुकडे करून मोटारीला त्या क्षणी हवं तेवढंच देतात. उरलंसुरलं खायला रेझिस्टन्स ठेवायची गरजच राहत नाही. थांबताना मोटार उलटी जनित्रासारखी चालते आणि वीज तारेत परत जाते. एकूण विजेतली ३० टक्क्यांच्या आसपास अशी वाचते.

सुटताना गाडी जी चढत्या सुरात गुणगुणते ना, तो या स्विचांच्या उघडझापीचा आवाज. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही, यातच सगळी मेख आहे. पूर्ण चालू स्विचच्या अंगावर व्होल्टेज जवळपास नसतं, आणि पूर्ण बंद स्विचमधून प्रवाह नसतो. दोन्हीकडे गुणाकार शून्याच्या आसपास, म्हणून तापणं किरकोळ. नळ अर्धा सोडून ठेवण्याऐवजी पूर्ण सोडायचा, पूर्ण बंद करायचा, खाली बादली ठेवायची आणि बादलीतून एकसारखी धार घ्यायची. बादलीचं काम तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर नावाचा विजेचा साठवण-डबा मिळून करतात.

टिक-टिक करणारे फोन

फोनमध्येही हेच करून टाकायचं की, असं कोणालाही वाटेल. पण २००० सालाच्या आसपासच्या फोनांना त्याची फारशी गरजच नव्हती. त्या काळी कॉल येण्याआधी जवळच्या रेडिओत किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरमध्ये 'टिक टिक टिक, टर्रर्र' असा आवाज यायचा आणि आपण म्हणायचो, 'बघ, कोणाचा तरी फोन येतोय.' तो आवाज अ‍ॅम्प्लिफायरचा होता. २जी फोन सलग बोलत नसे. सेकंदाला २१७ वेळा तो अर्ध्या मिलिसेकंदाहून जरा जास्त वेळ ओरडायचा आणि गप्प बसायचा. त्या २१७ झटक्यांनी शेजारच्या स्पीकरच्या तारा थरथरायच्या.

झटका असला तरी ओरडताना त्याची पट्टी एकच असे. २जीच्या लहरीची उंची बदलत नसे. माहिती लहरीच्या मागे-पुढे सरकण्यात दडवलेली असे. उंची कायम, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर खुशाल शेवटच्या टोकापर्यंत ताणता येई आणि निम्म्याहून अधिक वीज कामी येई. त्या फोनांची बॅटरी दोन-दोन दिवस चालायची ती छोट्या स्क्रीनमुळे तर होतीच, पण या साधेपणाचाही त्यात वाटा होता.

एकाच पट्टीत बोलणाऱ्याला फार काही सांगता येत नाही, हा त्याचा तोटा. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच लहरींत जास्त माहिती कोंबायची तर लहरीची उंचीही बोलती करावी लागते. ३जी आणि ४जीने तेच केलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डब्यात वर्तमानपत्राच्या घड्या कमी होऊन व्हिडिओ दिसू लागले, ते या उंच-सखल लहरींच्या जोरावर.

फडके रोडवरचे ताशे

उंच-सखल म्हणजे किती? गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला डोंबिवलीत फडके रोडवर ढोलताशा पथकं येतात. अशी कल्पना करा की शंभर ताशेवाले आहेत आणि प्रत्येकाची लय किंचित वेगळी आहे. बहुतेक वेळ कोणाचा ठोका इथे पडतोय, कोणाचा तिथे, आणि मिळून एक मध्यम गजर होतोय. पण मधेच एखाद्या क्षणी योगायोगाने पुष्कळांचे ठोके एकत्र पडतात आणि कानठळ्या बसतात. ४जीचा टॉवर शेकडो बारीक लहरी एकदम वाजवतो, आणि त्यांच्या बेरजेत असे शिखराचे क्षण येतात. सरासरीच्या दहा पट शक्ती शिखराला लागू शकते.

फोनच्या बाजूने मात्र २००८ साली ४जीचे नियम ठरवणाऱ्यांनी दया दाखवली. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींची बांधणी मुद्दाम वेगळी ठेवली, म्हणजे शिखरं कमी उंच येतील. का, तर हातातल्या फोनचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी यांची कीव येऊन. तांत्रिक नियमांच्या जाडजूड कागदांमध्ये अशी माणुसकी क्वचित सापडते.

तरीही शिखरं आहेतच, आणि त्यांच्यासाठी व्होल्टेज राखून ठेवावंच लागतं. शिखर कापलं गेलं तर संदेश बिघडतो, शिवाय शेजारच्या वाहिनीत कचरा सांडतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला कायम शिखराला पुरेल एवढं व्होल्टेज द्यायचं, आणि शिखर तर क्वचितच येतं. पाचशे पानांचा स्वयंपाक रोज करायचा आणि रोज साठ-सत्तर जेवून जायचे, अशी ही पंगत.

व्होल्टेजला नाचायला शिकवणं

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. इंजिनिअरांनी ती उलटी केली. पाय जसे हलतील तसं अंथरूण लांब-आखूड करायचं.

पहिला टप्पा सोपा होता. फोन कुजबुजत असेल तर मुळात पूर्ण व्होल्टेज कशाला? बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये लोकलसारखा उघडझाप करणारा छोटा पुरवठा बसवला. टॉवरने आवाजाची पट्टी ठरवली की त्या पट्टीच्या शिखराला पुरेल एवढंच व्होल्टेज पुढे जातं. ते मिलिसेकंदा-मिलिसेकंदाला बदलतं. याला सरासरीचा पाठलाग म्हणू. ठाणे स्टेशनात टॉवर जवळ असताना हा उपाय पुरेसा आहे. पण फोन पूर्ण जोराने ओरडत असताना याचा उपयोग थोडा, कारण तेव्हा शिखरासाठी पूर्ण व्होल्टेज लागतंच.

दुसरा टप्पा धाडसाचा. लहरीच्या शेंड्यांवरून अलगद दोरी सोडली तर जो वर-खाली आकार दिसेल त्याला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात. पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणाक्षणाला या दोरीच्या जरा वर ठेवायचं. लहर चढली की व्होल्टेज चढलं, लहर बसली की बसलं. हे एन्व्हलप ट्रॅकिंग. अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर कायम चार बोटंच जागा उरते, आणि वाया जायला व्होल्टेजच शिल्लक राहत नाही.

अडचण वेगाची. ४जीच्या रुंद वाहिनीत ही दोरी सेकंदाला कोट्यवधी वेळा वर-खाली होते. उघडझाप करणारा पुरवठा एवढ्या वेगाने हलवायचा तर स्विच त्याच्याही अनेक पट वेगाने उघडझापले पाहिजेत, आणि दर उघडझापीला थोडी वीज खर्च होतेच. वाचवलेलं सगळं तिथेच उधळायचं. म्हणून काम दोघांत वाटलं. भाजीची भरलेली हातगाडी चढावर नेताना एक दणकट माणूस पुढून सलग ओढतो, आणि एक चपळ पोरगं खड्डा आला की चाकाला रेटा देतं, उतार आला की मागे खेचून धरतं. मुख्य भार पहिल्याचा, झटपट सावरणं दुसऱ्याचं. पुरवठ्यातही तसंच. संथ पण काटकसरी स्विचवाला भाग बहुतेक वीज देतो. त्याच्या जोडीला एक चपळ, थोडा उधळा अ‍ॅम्प्लिफायर वरचे बारीक चढउतार भरून काढतो. उधळा असला तरी त्याच्या वाट्याला वीजच थोडी येते, म्हणून परवडतं.

दुसरी अडचण वेळेची. लहर आणि तिच्यासाठीचं व्होल्टेज दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि अ‍ॅम्प्लिफायरपाशी एकाच क्षणी पोचावी लागतात. चूक चालते ती एका नॅनोसेकंदाच्या घरातली. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम एक फूट जातो. व्होल्टेज उशिरा आलं तर शिखर कापलं जातं आणि सगळा खटाटोप वाया. शिवाय व्होल्टेज अगदी तळाला नेलं तर ट्रान्झिस्टर विचित्र वागू लागतो, म्हणून तळ गाठू देत नाहीत, थोडं वरच वळवतात. आणि एवढं करूनही लहर जी वाकडी होते ती आधीच उलट्या बाजूने वाकवून पाठवतात, म्हणजे बाहेर पडताना सरळ होईल. सायकलचं चाक डावीकडे ओढत असेल तर आपण हँडल उजवीकडे धरून चालवतो, तसं.

चौकट : हिशोब एका नजरेत
• ४जी फोनचा कमाल जोर : ०.२ वॉट
• कमाल आणि किमान जोरातला फरक : सुमारे २० लाख पट
• २जी : लहरीची उंची कायम, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मुळातच काटकसरी
• ठरावीक व्होल्टेज : जुन्या पंख्याचा रेग्युलेटर
• सरासरीचा पाठलाग : जोर कमी असताना उपयोगी
• एन्व्हलप ट्रॅकिंग : जोर जास्त असताना उपयोगी
• एकूण कार्यक्षमता = अ‍ॅम्प्लिफायरची × पुरवठ्याची

चौकटीतली शेवटची ओळ जाहिरातींत कधी दिसत नाही, पण सगळा व्यवहार तिच्यावर अडतो. समजा अ‍ॅम्प्लिफायर ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. वा! पण त्याला नाचतं व्होल्टेज देणारा पुरवठा स्वतः ८० टक्के कार्यक्षम असेल तर हाती लागतात ४० टक्के. कुजबुजीच्या वेळी तर या नाचऱ्या पुरवठ्याचा स्वतःचा खर्चच बचतीपेक्षा जास्त होतो. म्हणून फोन तेव्हा तो बंद करून साध्या पाठलागावर येतो. त्या मुलाच्या फोनमध्ये ही युक्ती असेल तर ती गॅलरीत झोपलेली असते आणि मुंब्र्याला जागी होते.

कल्पना आजोबांची, फोन नातवाचा

ही कल्पना मोबाइलवाल्यांना सुचलेली नाही. १९३० च्या दशकात रेडिओ केंद्रांचे प्रक्षेपक हजारो वॉटचे होते आणि विजेचं बिल हा मालकांचा रोजचा घोर होता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या विल्यम डोहर्टी यांनी १९३६ साली एक तोडगा काढला. एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचे, एक कायम कामावर आणि दुसरा शिखर आलं की मदतीला. गर्दीच्या वेळेला सोडलेली जादा लोकलच म्हणा. गच्चीवरच्या टॉवरमध्ये आजही डोहर्टींची जोडी सर्रास वापरतात, कारण तिथे जागेचा प्रश्न नाही. १९५२ मध्ये लेनर्ड कान यांनी दुसरी वाट दाखवली. लहरीची उंची बाजूला काढायची, अ‍ॅम्प्लिफायरला एकाच पट्टीत पूर्ण ताणायचं, आणि उंची शेवटी पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून परत घालायची. आजचं एन्व्हलप ट्रॅकिंग या कल्पनेचं मवाळ रूप आहे.

कान यांच्यापासून खिशातल्या फोनपर्यंत यायला साठ वर्षं गेली. २०१३ साली क्वालकॉमची अशी पुरवठा-चिप सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ३ मध्ये आली आणि त्यानंतर महागड्या फोनांत ती रुळली. तोवर अडलं होतं ते कल्पनेसाठी नाही. नॅनोसेकंद सांभाळणारी, कोटी वेळा डोलणारी आणि तरीही दाण्याएवढी चिप स्वस्तात बनेना, म्हणून अडलं होतं.

आणि मग ५जी आलं. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला. ५जीच्या मधल्या पट्ट्यातली वाहिनी १०० मेगाहर्ट्झ रुंद असू शकते, ४जीच्या रुंद वाहिनीच्या पाच पट. दोरी आता इतक्या वेगाने नाचते की हातगाडीमागच्या चपळ पोराचाही दम निघतो. त्याला आणखी वेगवान करावं तर तोच वीज खाऊ लागतो. तेव्हा बऱ्याच ठिकाणी इंजिनिअर मुकाट्याने साध्या पाठलागावर परत आले. दुसरा पर्याय पुढे येतो आहे तो पाहून मला हसू आलं. व्होल्टेज गुळगुळीत नाचवायचंच नाही, चार-सहा ठरावीक पायऱ्या तयार ठेवायच्या आणि लहर चढेल तशी झपकन वरच्या पायरीवर उडी मारायची. याला डिजिटल एन्व्हलप ट्रॅकिंग म्हणतात. त्यावर काम करणारी अमेरिकेतली एटा वायरलेस ही कंपनी जपानच्या मुराटाने २०२१ मध्ये विकत घेतली. पायऱ्या, उड्या, हिसके. जुन्या डीसी लोकलची पायऱ्यांची चाल, फक्त रेझिस्टन्सशिवाय.

मग त्या मुलाने करायचं काय?

फार काही नाही. फोन तापतो तो ऐकण्याने कमी, बोलण्याने जास्त. डब्यात बसून आलेला व्हिडिओ बघणं अ‍ॅम्प्लिफायरला फार जड जात नाही, कारण तेव्हा तो मधूनमधून 'पोचलं, पोचलं' एवढंच म्हणत असतो. स्क्रीनचा खर्च वेगळा. स्वतःचा व्हिडिओ पाठवणं, व्हिडिओ कॉल, हॉटस्पॉटवर मीटिंग ही खरी आरोळीची कामं. ती पोलादी डब्याच्या मधोमध, मुंब्र्याच्या डोंगराशेजारी करायची की ठाण्याच्या फलाटावर, यात बॅटरीचा मोठा फरक पडतो. सिग्नलची दांडी एक असताना पाठवलेला फोटो चार दांड्या असताना पाठवलेल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, जरी डेटा पॅकमधून दोन्हीचे सारखेच एमबी कापले जातात. आणि फोन खिडकीच्या बाजूला धरला तर त्याला खरंच कमी ओरडावं लागतं.

हे मी त्याला पुढच्या आठवड्यात भेटल्यावर सांगितलं. त्याने मान डोलावली. आता तो मोठ्या फाइल ठाण्याला उतरून पाठवतो आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतो. खिडकीबद्दल विचारलं तर म्हणाला, "काका, खिडकी मिळाली तर मी झोपणार, मीटिंग कोण करतंय."